पंचवीस ग्रॅमच्या आत

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूस आधी तिचे दात बघतो. मग कास, सड, चाल, कातडीवरची तकाकी. कितवं वेत, दूध किती, हे विचारतो. उत्तर ऐकून घेतो आणि पुन्हा कासेकडे बघतो. म्हैस गाभण आहे असं विकणारा सांगत असेल, तर खात्री करायला जनावरांचा डॉक्टर असतो. तो खांद्यापर्यंत हात आत घालतो, आतड्याच्या भिंतीवरून गर्भाशय चाचपतो आणि कितवा महिना आहे ते सांगतो. नेवासा तालुक्यातल्या या बाजारात उभ्या असलेल्या जनावरांच्या आत काय आहे, हे कळण्यासाठी माणसाचा हात आत जाऊ शकतो, एवढी ती जनावरं मोठी आहेत.

आता पंचवीस ग्रॅमचं जनावर घ्या. कर्करोगाच्या, मधुमेहाच्या, मेंदूच्या आजारांच्या प्रयोगशाळांत जो पांढरा किंवा काळा उंदीर असतो, त्याचं वजन साधारण एवढंच भरतं. पाचशे किलोची एक म्हैस म्हणजे असे २०,००० उंदीर. अशा एका उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून कमी. मूत्रपिंड एक सेंटिमीटर लांब. अंगातलं सगळं रक्त दोन मिलिलिटर. त्याच्या आत कर्करोगाची गाठ रुजली आहे का, वाढते आहे का, दिलेल्या औषधाने आक्रसते आहे का, हे त्याला न कापता बघायचं. एकदा बघून भागत नाही. तोच उंदीर आठवड्याने पुन्हा, त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा बघायचा. यासाठी पेट, स्पेक्ट, सीटी आणि एमआरआय ही इस्पितळातली तंत्रं छोटी करून, दोन-दोन तीन-तीन एकत्र जोडून वापरली जातात. यंत्र छोटं झालं की त्यामागचे आकडे मात्र प्रचंड होतात. ते आकडे समजून घेतल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही.

सुरुवात वजनाच्या साध्या भागाकाराने करू. सत्तर किलोचा माणूस उंदराच्या २,८०० पट जड. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांनी सारखंच लहान करत गेलं तर २,८०० चं घनमूळ, म्हणजे साधारण १४. इस्पितळातल्या पेट स्कॅनरला ५ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. उंदराच्या अंगात तेवढाच बारकावा हवा असेल तर ५ भागिले १४, म्हणजे ०.३६ मिलिमीटरवरचे ठिपके वेगळे दिसले पाहिजेत. बघायच्या चौकोनी तुकड्याचं आकारमान २,८०० पटींनी कमी झालं, तर त्यातून निघणारे किरणही त्याच पटीत कमी होतात. माणसाला पेटसाठी जेवढं किरणोत्सारी द्रव्य टोचतात, त्यातून सेकंदाला साधारण ३७ कोटी अणू फुटतात. उंदराला टोचतात त्यातून ७४ लाख. वजनाच्या हिशेबात उंदराला माणसापेक्षा सुमारे ५६ पट जास्त मिळतं, आणि तरीही २,८०० ला ते कुठेच पुरत नाही. उरलेली तूट यंत्राला भरून काढावी लागते. लहान प्राण्यांच्या स्कॅनरची सगळी रचना या तुटीभोवती फिरते.

हे ७४ लाख म्हणजे नेमकं किती द्रव्य? पेटमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा अणू म्हणजे फ्लोरिन-१८. तो ग्लुकोजसारख्या रेणूला जोडलेला असतो. भुकेली पेशी साखर समजून तो रेणू आत घेते. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी खातात म्हणून तिथे तो साठतो. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटं, म्हणजे दर ११० मिनिटांनी त्यातले निम्मे अणू फुटून जातात. यावरून मागे हिशेब करता येतो: सेकंदाला ७४ लाख अणू फुटायचे असतील, तर उंदराच्या अंगात त्या क्षणी सुमारे ७,००० कोटी अणू हवेत. आकडा ऐकायला दांडगा वाटतो. त्यांचं वजन मात्र भरतं दोन पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, त्यातले दोन. उंदराच्या वजनाचा हा बारा लाख कोटीवा हिस्सा झाला. घोडेगावच्या कांदा मार्केटमधून दहा टन कांदा भरलेला ट्रक निघाला, तर त्या ट्रकमध्ये याच प्रमाणात फ्लोरिन किती असेल? एक मायक्रोग्रॅमहूनही कमी. मिठाचा एक कण घेऊन त्याचे साठ-सत्तर तुकडे करायचे आणि त्यातला एक तुकडा त्या ट्रकभर कांद्यात सोडायचा. तो कुठे आहे हे ट्रक न उघडता सांगायचं.

अजून जवळून बघू. उंदराचं शरीर म्हणजे सुमारे २५,००० घनमिलिमीटर. ७,००० कोटी अणू त्यात सारखे पसरले असं धरलं, तर एका घनमिलिमीटरच्या वाट्याला २८ लाख येतात. एवढ्याच जागेत साधारण दहा लाख पेशी मावतात असा कर्करोग-संशोधनातला ठोकताळा आहे. म्हणजे एका पेशीमागे सरासरी तीन अणू. तीन! एवढ्यावर चित्र उमटतं. पेशीला हे द्रव्य आलं-गेलं ते कळतही नाही, तिचं कामकाज तसूभर बदलत नाही, म्हणून तर हे तंत्र विश्वासाचं आहे. औषधशास्त्रात एवढ्या कमी मात्रेत काहीही मोजता यावं, ही गोष्ट मला विज्ञानातल्या मोठ्या कमाईंपैकी एक वाटते.

हे ७,००० कोटी अणू निम्मे, पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे करत गेलं, तर छत्तीस वेळा निम्मे केल्यावर एक उरतो. ११० मिनिटं गुणिले ३६, म्हणजे ६६ तास. तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत सगळा साठा एका अणूवर येतो. त्यामुळे हे द्रव्य साठवून ठेवता येत नाही. ते सायक्लोट्रॉनमध्ये बनवायचं आणि लगेच वापरायचं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. तिथून घोडेगावला रस्त्याने यायला सहा-सात तास लागतात. तेवढ्या प्रवासात निघालेल्या द्रव्याचा दहावा हिस्साही मुश्किलीने शिल्लक राहील. लहान प्राण्यांची पेट केंद्रं सायक्लोट्रॉनच्या आसपास उभी राहिली, त्याचं हे एक सरळ कारण.

अणू फुटल्यावर काय होतं ते बघायला हवं. फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो. तो थोडा भटकतो, वाटेत इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्या जागी गॅमा किरणांची एक जोडी तयार होते. दोन्ही किरणांची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि दिशा एकमेकांच्या विरुद्ध. उंदराभोवती स्फटिकांचं कडं असतं. समोरासमोरच्या दोन स्फटिकांवर जवळजवळ एकाच क्षणी किरण आदळले, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी तो अणू फुटला, एवढं कळतं. अशा कोट्यवधी रेषा जमवल्या की चित्र तयार होतं. पॉझिट्रॉनच्या या भटकण्यातच एक अडचण आहे. फ्लोरिनच्या बाबतीत ते सरासरी ०.६ मिलिमीटर असतं, फार तर २.४. गॅलियम-६८ वापरलं तर सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास. माणसाच्या पोटात तीन मिलिमीटरची चूक चालून जाते. उंदराच्या पोटात तीच चूक माणसाच्या मापात चार सेंटिमीटरची होते. यंत्र कितीही सुधारलं तरी निसर्गाने घातलेली ही अस्पष्टता तशीच राहते.

उंदरासाठी खास बनवलेल्या सुरुवातीच्या पेट यंत्रांमध्ये सर्वांत गाजलं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आवारातलं. सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं मायक्रोपेट. १७ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात ३० शोधक, प्रत्येकात ६४ स्फटिक, एकूण १,९२०. प्रत्येक स्फटिकाचं तोंड दोन बाय दोन मिलिमीटर. १,९२० स्फटिकांच्या कागदावर १८,४२,२४० जोड्या होतात. शेजारच्या जोड्या वगळल्या तरी लाखो रेषांचा हिशेब उरतो. आजची यंत्रं शंभरातल्या पाच-दहा अणूंच्या जोड्या पकडतात. टोचल्यावर तासाभराने, दहा मिनिटांच्या स्कॅनमध्ये पाच टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे पंधरा कोटी जोड्या हाती येतात. प्रत्येक जोडीची वेळ नॅनोसेकंदांत तपासावी लागते.

वेळेचा विषय निघालाच आहे तर एक गमतीची अडचण सांगतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. माणसांच्या नव्या स्कॅनरमध्ये दोन किरणांपैकी कोणता किती आधी पोहोचला हे मोजून अणू रेषेवर नेमका कुठे फुटला याचा अंदाज घेतात. त्यातली काही यंत्रं २१४ पिकोसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या २१४ पटींपर्यंत अचूक आहेत. एवढी अचूकता जागेत बदलली तर येतं ३.२ सेंटिमीटर. माणसाच्या चाळीस सेंटिमीटर रुंद धडात त्याचा भरपूर उपयोग होतो. उंदीर मात्र स्वतःच तीन सेंटिमीटर जाड आहे! सेकंदाचे इतके बारीक तुकडे करूनही उत्तर मिळतं ते एवढंच की, अणू उंदरात कुठेतरी फुटला.

उलट एका बाबतीत उंदीर माणसाच्या वीस वर्षं पुढे राहिला. तो अख्खाच्या अख्खा, नाकापासून शेपटीपर्यंत, कड्याच्या आत किंवा एक-दोन टप्प्यांत मावतो. त्यामुळे द्रव्य हृदयातून निघालं, यकृतात शिरलं, मूत्रपिंडातून बाहेर पडलं, हा सगळा प्रवास एकाच वेळी बघता येतो. माणसाला हे भाग्य २०१८ मध्ये लाभलं. सायमन चेरी आणि रॅमसे बदावी यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथून एक्सप्लोरर नावाचं यंत्र पुढे आलं. जवळजवळ दोन मीटर लांबीचं, ५,६४,४८० स्फटिकांचं. एकोणीसशे वीस स्फटिकांपासून साडेपाच लाखांवर नेणारा माणूस तोच, चेरी. उंदरापासून शिकून तो माणसाकडे गेला.

एवढं करूनही एकट्या पेटच्या चित्राने भागत नाही. त्या चित्रात शरीर नसतं. काळ्या पडद्यावर चमकणारे काही डाग असतात. हृदय चमकतं, मूत्राशय तर सर्वांत जास्त चमकतं, कारण द्रव्य लघवीतून बाहेर पडत असतं. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते, तीही चमकते. उंदीर गारठला असेल तर मानेजवळची तपकिरी चरबी अंग ऊबदार ठेवण्यासाठी साखर जाळू लागते, तीही चमकते. यातला कुठला डाग गाठीचा? हाडं, फुप्फुसं, स्नायू दाखवणारं दुसरं चित्र त्याच्यावर ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. ते चित्र सीटीचं किंवा एमआरआयचं. मग दोन वेगळ्या यंत्रांत दोन चित्रं काढून संगणकावर जुळवली तर? उंदीर उचलून एका टेबलावरून दुसऱ्यावर ठेवताना तो फक्त एक अंशाने तिरका झाला, तर नऊ सेंटिमीटर लांबीच्या अंगात दुसऱ्या टोकाला दीड मिलिमीटरचा फरक पडतो. उंदराची लसिकाग्रंथी साधारण तेवढीच असते. एका अंशाच्या चुकीने कर्करोग ग्रंथीतून उचलून शेजारच्या स्नायूत नेऊन ठेवला जातो. म्हणून दोन्ही यंत्रं एकाच चौकटीत, एकाच आसावर बसवतात आणि उंदराला एकाच पाळण्यात झोपवून एकातून दुसऱ्यात सरकवतात. माणसांसाठी पेट आणि सीटी यांची अशी जोडणी डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी केली. २००० साली टाइम नियतकालिकाने तिला वर्षातला शोध म्हणून गौरवलं. उंदरांच्या बाबतीत ही जोडणी सोय म्हणून आलेली नाही, तिच्याशिवाय निष्कर्षच काढता येत नाही.

सीटीचा जन्म आपल्या बाजारातल्या एका जनावराशी जोडलेला आहे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या प्रयोगात गॅमा किरणांचा स्रोत इतका मंद होता की एका चित्रासाठी नऊ दिवस लागले. २८,००० मोजमापं झाली आणि ती सोडवायला संगणकाने अडीच तास घेतले. एक्स-रे ट्यूब लावल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. मेंदूच्या आतले बारकावे दिसतात का, हे पडताळताना त्यांनी बैलांचे ताजे मेंदू वापरले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. पुढे १९८२ मध्ये इलियट आणि डोव्हर यांनी गोगलगायीच्या शंखावर सूक्ष्म सीटी करून दाखवली.

आज उंदराची सीटी ०.१ मिलिमीटर बाजूच्या घनांत केली, तर एका अंगाचे अडीच कोटी घन होतात. बाजू निम्मी केली तर वीस कोटी. पण बाजू निम्मी करताना चित्र तेवढंच स्वच्छ ठेवायचं, तर किरणांची मात्रा सोळापट वाढवावी लागते. हा नियम कोणत्याही यंत्राला चुकत नाही, कारण प्रत्येक घनाच्या वाट्याला येणारे किरण कमी होतात आणि गोंगाट वाढतो. समजा ०.१ मिलिमीटरच्या स्कॅनमध्ये उंदराला ०.१ ग्रे एवढी मात्रा बसली. ०.०५ ला १.६ ग्रे. ०.०२५ ला पंचवीस ग्रेच्या वर. एकाच वेळी सहा-सात ग्रे अंगावर घेतलेल्या उंदरांपैकी निम्मे महिनाभरात मरतात. म्हणजे फोटो स्पष्ट येण्याच्या नादात फोटोतला जीवच जातो. मेलेल्या उंदराच्या हाडाची सीटी कितीही बारीक करता येते. जिवंत उंदराच्या बाबतीत भौतिकशास्त्र एका जागी थांबायला सांगतं आणि थांबावं लागतं.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, तिथे मर्यादा वेळेची. घनाची बाजू एक मिलिमीटरवरून ०.१ वर आणली की त्यातलं पाणी हजार पटींनी घटतं आणि संकेतही तेवढाच घटतो. फक्त पुन्हा पुन्हा मोजून ती तूट भरायची असेल, तर वेळ हजाराच्या वर्गाने, म्हणजे दहा लाख पटींनी वाढतो. जे काम एका सेकंदात होत होतं त्याला साडेअकरा दिवस. साडेअकरा दिवस कुणाला भूल देऊन झोपवता येत नाही. म्हणून उंदराला अगदी चिकटून बसणाऱ्या छोट्या कॉइल्स आणि जबरदस्त चुंबक. इस्पितळात दीड किंवा तीन टेस्ला असतात. उंदरांसाठी ७, ९.४, अगदी ११.७ टेस्लाही. ९.४ टेस्ला म्हणजे आपल्याकडच्या भूचुंबकत्वाच्या दोन लाखांहून अधिक पट. एवढ्या ताकदीपुढेही पाण्यातल्या दहा लाख हायड्रोजन अणुकेंद्रकांपैकी चुंबकाच्या बाजूने कल दाखवणारी जास्तीची फक्त ३१ असतात. बाकीची एकमेकांना खोडून काढतात. काम भागतं ते पाण्याच्या विपुलतेमुळे: ०.१ मिलिमीटरच्या घनातही या हिशेबाने दोन लाख कोटी केंद्रकं बोलण्याजोगी उरतात.

इथे या तंत्रांच्या जोडीचं खरं गणित दिसतं. एमआरआयला दिसण्याजोगं औषध द्यायचं तर त्याचं प्रमाण पेटच्या द्रव्यापेक्षा लाखो ते कोटी पटींनी जास्त लागतं. पण स्नायू, चरबी, मेंदूतले थर ती अप्रतिम वेगळे दाखवते. पेटला तीन अणू पुरतात, पण ते कुठल्या थरात आहेत हे तिला सांगता येत नाही. या दोघांचं एकत्र येणं सोपं नव्हतं. जुन्या पेटमधल्या प्रकाशवर्धक नळ्या चुंबकाजवळ निकामी होतात. त्यांच्या जागी अर्धवाहकांचे शोधक आल्यावर जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये बर्न्ड पिशलर यांच्या गटाने २००८ साली उंदराची पेट आणि एमआरआय एकाच वेळी, एकाच जागी करून दाखवली. स्पेक्टचा मार्ग वेगळा आहे. ती सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून मोठी केलेली प्रतिमा घेते. नेदरलँड्समध्ये फ्रीक बीकमन यांच्या गटाच्या यंत्रात सोन्यात पाडलेली ७५ छिद्रं होती, प्रत्येक ०.६ मिलिमीटरचं. अर्धा मिलिमीटरपर्यंतचा बारकावा त्यातून मिळाला. बदल्यात हजारातले जेमतेम दोन किरण आत शिरले. स्पेक्टची एक खासियत पेटकडे नाही: टेक्नेशियम आणि इंडियम यांच्या किरणांची ऊर्जा वेगवेगळी असल्याने दोन द्रव्यं एकाच उंदरात एकाच वेळी ओळखता येतात.

आणि हे सगळं ज्याच्यावर चालतं, ते जनावर जिवंत आहे. भुलेखालीही त्याचं हृदय मिनिटाला पाचशेच्या आसपास ठोके देतं. पंधरा मिनिटांच्या स्कॅनमध्ये साडेसात हजार ठोके. एका ठोक्याचे आठ भाग केले तर प्रत्येक भाग १५ मिलिसेकंदांचा. दोन मिलिलिटर रक्त सात-आठ सेकंदांत अंगभर फिरून येतं. आपल्याला त्याला एक मिनिट लागतं. शेपटीच्या शिरेत ०.२ मिलिलिटर टोचलं, तर ते त्याच्या रक्ताचा दहावा हिस्सा होतं, माणसाच्या मापात अर्धा लिटर. भुलेत उंदीर झपाट्याने गार पडतो, म्हणून पाळणा ३७ अंशांच्या जवळ ऊबदार ठेवतात. ही काळजी दयेपोटी घ्यायची तशी विज्ञानापोटीही: गारठलेल्या उंदराचं चित्र खोटं बोलतं.

महाराष्ट्रात हे काम खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं. पेट, स्पेक्ट आणि सीटी तिन्ही एकत्र असलेली लहान प्राण्यांची यंत्रणा तिथे आहे, आणि काजव्याच्या ल्युसिफरेजने चमकवलेल्या पेशी टिपणारा प्रकाशीय कॅमेराही. या संस्थेची मुळं १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी परळला उभ्या केलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरपर्यंत जातात. तिथे काम केलं डॉ. कमल रणदिवे यांनी. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमलताईंनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांवर केला. माद्यांना आपोआप स्तनाचा कर्करोग होणारा आयसीआरसी नावाचा उंदरांचा वाण त्या संस्थेत तयार झाला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या घोडेगावच्याच नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आल्या आणि आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्यांनी गोळा केली. उंदराच्या पिंजऱ्याजवळ घेतलेली नोंदवहीची शिस्त त्यांनी डोंगरातल्या वाड्यांवर नेली, याचा नगर जिल्ह्याला अभिमान वाटला पाहिजे.

कमलताईंच्या काळात जिवंत उंदरातली गाठ कळायची ती बोटांनी. तिथे किती उशीर होत असे, याचा हिशेब अंगावर काटा आणणारा आहे. पाच मिलिमीटरची गाठ बोटाला नक्की लागते. तिच्यात साडेसहा कोटी पेशी असतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार करत इथवर यायला २६ वेळा दुप्पट व्हावं लागतं. गाठ एक ग्रॅमची, म्हणजे उंदराच्या मानाने जीवघेणी व्हायला एकूण ३० वेळा. गाठ बोटाला लागली तेव्हा तिचा सव्वीस पायऱ्यांचा जीवनक्रम उलटून गेलेला असायचा आणि अभ्यासाला उरायच्या चार. दोन मिलिमीटरची गाठ जोडयंत्रात दिसली तर ती असते बाविसाव्या पायरीवर. अभ्यासाला मिळणाऱ्या पायऱ्या चारच्या आठ झाल्या. चमकणाऱ्या पेशींनी आणखी मागे जाता येतं, मात्र शरीरातून एक सेंटिमीटर पार करताना प्रकाश दहापट मंदावतो. त्यामुळे कातडीजवळची गाठ आधी दिसते आणि खोलवरची राहून जाते, आणि तिथे पुन्हा पेटची सोबत घ्यावी लागते.

औषधाची चाचणी घ्यायची तर आधी प्रत्येक टप्प्याला काही उंदीर मारून आत बघावं लागे. तीन गट, प्रत्येकी दहा उंदीर, सहा टप्पे: १८०. तेच ३० उंदीर सहा वेळा स्कॅन केले तर तीसच. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी होते, दुसऱ्या उंदराशी नाही, म्हणून उत्तरही जास्त खरं येतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांची संख्या कमी करण्याचं तत्त्व मांडलं. आपल्याकडे प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. आज प्रत्येक संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे किती प्राणी हवेत आणि तेवढेच का, हे संशोधकाला लेखी पटवून द्यावं लागतं. १८० च्या जागी ३० लिहिता येणं, हे मला या यंत्रांचं सर्वांत मोठं कर्तृत्व वाटतं.

त्या तिसांवरचा भार मात्र वाढतो. सहा वेळा भूल, सहा वेळा शेपटीत सुई, सहा वेळा किरण. ०.१ ग्रेच्या सहा सीटी म्हणजे ०.६ ग्रे, पेटचं त्यात वेगळं. बारीक चित्राचा मोह केला, १.६ ग्रेच्या सहा, तर ९.६. तेवढ्या किरणांनी गाठही आक्रसू शकते, आणि मग ती औषधाने आक्रसली की स्कॅनने, हे सांगता येत नाही. त्यामुळे सीटी फक्त हाडांची चौकट कळण्यापुरती जाडीभरडी घेतात, किंवा सीटीच्या जागी एमआरआय लावतात, आणि प्रत्येक प्रयोगात एक गट असा ठेवतात ज्याला औषध द्यायचं नाही, पण स्कॅन मात्र सगळे सहा करायचे.